गेटवरचं तिसरं चित्र

समजा, तुम्हाला एक काम दिलंय. समोर संगणकाचा पडदा आहे आणि त्यावर पाच रिकामे नमुने. तुमच्या कंपनीत रोज पाच-सात बातम्या निघतात. कुणाची बढती, कॅन्टीनची नवी वेळ, अमुक रस्ता खोदलाय, तमुक मशीन बंद आहे. या बातम्या हजारभर माणसांना पानावर कशा दिसाव्यात, एवढंच तुम्ही ठरवायचं. पहिल्या नमुन्यात मोठमोठी चित्रं एकामागून एक सरकतात. दुसऱ्यात फरश्या बसवल्यासारख्या सारख्या चौकटी. तिसऱ्यात एक मोठी बातमी आणि तिच्या बाजूला चार बारक्या. चौथ्यात तळाशी अक्षरांची पट्टी पळते. पाचवा नमुना म्हणजे नुसती यादी, ओळीखाली ओळ, ना चित्र ना रंग. एकावर टिचकी मारली की काम संपलं. तुम्ही कुठला घ्याल? चहा निवायच्या आत होण्यासारखं काम आहे.

ऑपरेटरबाईंनी तीन वर्षांपूर्वी ते चहा निवायच्या आतच केलं होतं. कप डाव्या हातात, उजवा हात माऊसवर, नजर पहिल्याच नमुन्यावर. त्या टिचकीपायी एका माणसाचा हात भाजला, हे त्यांना कळलं ते फार उशिरा, आणि कळल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत, म्हणून ही गोष्ट.

बाई कागदाच्या कारखान्यात होत्या. ऑपरेटर हे नाव मागे राहिलेलं, काम केव्हाच गेलेलं. एकोणीस वर्षं त्या टेलिफोनच्या बोर्डावर बसल्या. कुठला साहेब जागेवर नसतो आणि कुठला असूनही नसतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. बोर्डाशेजारी ध्वनिक्षेपकाचा माइक होता. ‘दोन नंबरच्या मशीनकडे फिटर हवाय’, ‘जेवणाची सुट्टी आज दहा मिनिटं उशिरा’ असल्या घोषणा त्यांच्या आवाजात अख्ख्या कारखान्यात घुमायच्या. त्यावरून कामगारांनी त्यांचं नाव ‘भोंगाताई’ पाडलं. बाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. उलट कुणी ‘मॅडम’ म्हणून हाक मारली की त्या मागे वळून बघायच्या, कोण मॅडम आल्यात म्हणून.

मग फोन ज्याच्या त्याच्या खिशात गेला, बोर्ड भंगारात गेला आणि बाईंना ‘अंतर्गत संपर्क’ नावाच्या विभागात बसवलं. विभाग म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि बाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान असलेला एक साहेब. काम एकच, कंपनीच्या इंट्रानेटचं पहिलं पान सांभाळायचं. कंपनीतल्या प्रत्येक संगणकावर सकाळी आपोआप उघडणारं ते पान. सगळे त्याला नुसतं ‘पान’ म्हणायचे. ऑफिसातल्या लोकांना ते टेबलावर दिसे. कामगारांना दिसे गेटवर, हजेरीच्या मशीनच्या वर भिंतीला ठोकलेल्या मोठ्या पडद्यावर. पान आलं तशा भिंतीवरच्या कागदी सूचना बंद झाल्या. कागद बनवणाऱ्या कारखान्यात भिंतीला कागद चिकटवायची बंदी, यावर कॅन्टीनमध्ये महिनाभर हशा पिकला.

एकोणीस वर्षं नुसत्या आवाजावर निभावलेल्या बाईंना सरकती चित्रं म्हणजे जादू वाटली. त्यांनी त्या मांडणीला ‘पाळणा’ असं नाव ठेवलं. एक चित्र आठ सेकंद, की दुसरं. फिरत फिरत परत पहिलं. त्या आपल्या टेबलावर बसून तो पाळणा कौतुकानं बघत.

आठ महिन्यांपूर्वी त्याच पाळण्यात एक सूचना फिरत होती. सात नंबरची वाफेची लाइन दहा वर्षं बंद होती, ती सोमवारपासून चालू होणार होती. बाईंनी शनिवारी दुपारी सूचना लावली. ‘सात नंबरची लाइन सोमवारपासून चालू. झडप उघडू नये.’ पहिलं चित्र होतं खेळांच्या स्पर्धेत मिळालेल्या चषकाचं, दुसरं कॅन्टीनच्या नव्या खुर्च्यांचं, आणि तिसरी ही सूचना. सोमवारी पहिल्या पाळीला पाइपवाले मिस्तरी आले. तीस वर्षं वाफेच्या लाइनींवर काम केलेला माणूस. दर सोमवारी सात नंबरच्या मेलेल्या लाइनीतलं साचलेलं पाणी काढायची त्यांची सवय. त्यांनी झडप उघडली. पाण्याऐवजी वाफ आली. डावा हात कोपरापर्यंत भाजला.

झडपेला लाल पाटी अडकवायची पद्धत तोवर नव्हती, ती त्या दिवसानंतर आली. फोरमन त्या दिवशी रजेवर होता. चौकशी झाली. सुरक्षा अधिकाऱ्यांनी पान उघडून पाहिलं, सूचना वेळेत लागलेली होती. मिस्तरींच्या फाइलीत शेरा पडला, ‘सूचना देऊनही वाचली नाही.’ हात बरा झाला, पण असा शेरा असलेल्या माणसाला वाफेच्या लाइनीजवळ फिरकू देत नाहीत. मिस्तरींना स्टोअरमध्ये बसवलं, जाळीच्या खिडकीमागे, नट-बोल्ट आणि वायसर मोजून द्यायला.

बाईंना वाईट वाटलं. पण त्या वेळी त्यांच्या मनात दुसरी एक भावनाही होती, सुटल्याची. सूचना आपण वेळेत लावली होती, आपल्याकडे बोट नाही. माणूस आहे, असं वाटतं.

आठ महिन्यांनी, एका सोमवारी, साहेब खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी आला.

“ताई, पानाची नवी व्यवस्था येतेय. पुन्हा मांडणी निवडायचीय. शुक्रवारपर्यंत फॉर्म भरून द्यायचा. एकदा निवडली की दोन वर्षं बदलता येणार नाही.”

“सगळीकडे एकच?”

“वेगवेगळी ठेवता येते म्हणतात. पण कशाला डोक्याला ताप? पाळणाच ठेवू. मोठ्या साहेबांना फोटो आवडतात. तुम्हालाही आवडतो की. मागच्या वेळी तुम्हीच तर निवडला होता.”

“हो,” बाई म्हणाल्या. “मीच.”

फॉर्म एका पानाचा होता. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘कारण’. साहेबानं तिथं पेन्सिलीनं आधीच लिहून ठेवलं होतं, ‘आकर्षक व आधुनिक’. बाईंनी फॉर्म पिशवीत घातला आणि घरी नेला.

बाईंचे यजमान शहर बस चालवत. दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकघरातच जेवायचं टेबल, आणि टेबलाच्या एका पायाखाली दुमडलेलं बसचं जुनं तिकीट-पुस्तक, डुगडुगू नये म्हणून. भाजी निवडता निवडता बाईंनी विचारलं, “अहो, तुमच्या बसवर पाटी कसली आहे हो आता?”

“दिव्यांची. पळती. आधी रंगवलेली होती.”

“चांगली आहे?”

“दिसायला झकास. पण पूर्वी कुणी विचारायचं नाही. आता प्रत्येक थांब्यावर दहा जण खिडकीशी, ‘कुठे जाते, कुठे जाते.’ मी म्हणतो, अरे बाबांनो, डोक्यावर लिहिलंय की. तर म्हणतात, लिहिलंय हो, पण आम्ही बघितलं तेव्हा नुसतं ‘मार्गे’ होतं.”

बाई हसल्या आणि हसता हसता थांबल्या. हातातली शेंग तशीच राहिली.

“काय झालं?”

“काही नाही. उद्या मी पहिल्या पाळीच्या वेळी गेटवर जाणारे.”

“पहाटे? तुझी ड्युटी नऊची ना?”

“तीन वर्षं मी ते पान माझ्या टेबलावर बसून बघितलं. गेटवर उभं राहून एकदाही नाही.”

मंगळवारी पावणेसहाला बाई वही घेऊन गेटच्या आत, पहारेकऱ्याच्या स्टुलाशेजारी उभ्या राहिल्या. त्यांना मोजायचं होतं की येणारा माणूस पडद्याकडे किती वेळ बघतो. पाळी बदलायची वेळ, माणसांची रीघ. प्रत्येक जण कार्ड मशीनला लावतो, ‘टुक’ असा आवाज होतो, माणूस क्षणभर मान वर करतो आणि आत जातो. बाई वहीत लिहीत गेल्या. तीन सेकंद, चार, तीन, दोन. एकानं सहा सेकंद पाहिलं, तर तो जांभई देत होता.

“काय भोंगाताई, आमची परीक्षा का?” एक मशीनवाला ओरडला.

“तुझी नाही, माझी!” बाई म्हणाल्या.

पन्नासएक माणसं लिहून झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. पडद्यावर रक्तदान शिबिराचा फोटो होता. मघाशीही तोच होता. आता लिहायचं सोडून त्या पडद्याकडेच बघत राहिल्या. टुक, की फोटो किंचित हलायचा आणि पुन्हा तोच यायचा. टुक, पुन्हा तोच. दुसरं चित्र येतच नव्हतं.

“पडदा बिघडलाय का हो?” त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

“छे. सकाळी तो असाच असतो.”

“असाच म्हणजे?”

“एकच फोटो धरून बसतो. गर्दी ओसरली की चालायला लागतो. मला वाटायचं, त्याचीही झोप झालेली नसते.” पहारेकरी आपल्याच बोलण्यावर खूश झाला. “त्या चषकाचा फोटो तर असा पाठ झालाय, की सांगितलं तर चित्र काढून देईन.”

“आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“कुणी विचारलं नाही, ताई.”

नऊ वाजता बाईंनी संगणक विभागातल्या इंजिनीयरबाईंना फोन लावला. तिकडून सरळ उत्तर आलं. “हो, कार्ड लागलं की पान नव्यानं उघडतं आणि पहिल्या चित्रापासून सुरू होतं. गेटवर तसंच बांधलंय, कामगाराला त्याची हजेरी दाखवायची असते ना. का, काही अडचण?”

“अडचण अशी,” बाई म्हणाल्या, “की गेटवर तीन सेकंदाला एक कार्ड लागतं आणि माझं चित्र बदलायला आठ सेकंद लागतात.”

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली.

“म्हणजे तिसरं चित्र यायला सोळा सेकंद कुणीच कार्ड लावायला नको,” इंजिनीयरबाई हळूच म्हणाल्या.

“पहिल्या पाळीला अर्ध्या तासात सहाशे माणसं येतात.”

फोन ठेवल्यावर बाईंना मिस्तरींच्या फाइलीतला तो शेरा आठवला. मिस्तरींनी सूचना वाचली नव्हती हे खरंच होतं. पण त्या सकाळी ती कुणीच वाचली नव्हती, कारण ती पडद्यावर आलीच नव्हती. चौकशी करणाऱ्यांनी पान पाहिलं ते ऑफिसातल्या संगणकावर. तिथं पाळणा छान फिरत होता. जसा बाईंच्या टेबलावर फिरत होता.

साहेबाला सांगितलं तेव्हा तो चपापला. मग त्यानं आवाज खाली आणला.

“ताई, बरोबर आहे तुमचं. गेटवर यादी घेऊन टाकू. प्रश्न मिटला. पण ते जुनं उकरून काढू नका. चौकशी झाली, शेरा पडला, सह्या झाल्या. आता तुम्ही बोललात, तर पहिला प्रश्न येईल की मांडणी कुणी निवडली.”

“येऊ दे. मी निवडली.”

“अहो, तुमच्या नोकरीची चार वर्षं उरलीत. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय.”

“ते कळतंय मला, साहेब. पण फॉर्मवर ‘कारण’ असा रकाना आहे. मी तिथं खोटं लिहिणार नाही. आणि नुसतं माझ्या बोलण्यावर कुणी शेरा खोडणार नाही, हेही मला कळतंय. मला दोन दिवस द्या. दाखवते.”

साहेबानं मान हलवली. होकार होता की कंटाळा, ते कळलं नाही. बाईंनी होकार धरला.

मंगळवारी दुपारी त्यांनी पानावर तिसरं चित्र म्हणून एक ओळ लावली. ‘हे वाचलंत, तर भोंगाताईला एकशे अकरावर फोन करून वाचलं म्हणा.’ बक्षीस नाही, काही नाही. कामगारांचा स्वभाव बाईंना माहीत होता. फुकटात खोडी काढायची संधी ते सोडणाऱ्यातले नव्हते. बुधवारी सकाळी त्या सहालाच टेबलावर येऊन बसल्या. पहिली पाळी आत गेली. फोन गप्प. साडेनऊनंतर वाजायला लागला. हिशेब विभाग, खरेदी विभाग, मोठ्या साहेबांच्या ऑफिसातली लेखनिक. सगळे टेबलावर पान बघणारे. दिवसभरात चौदा फोन. मशीनकडून दोन, आणि तेही दुपारी उशिरा येणाऱ्या दोघांचे, गेट मोकळं असताना आलेले. पहिल्या पाळीतून एकही नाही.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई स्टोअरमध्ये गेल्या. जाळीमागे मिस्तरी डब्यांवर मापं लिहीत बसले होते. प्रत्येक डब्यावर तेच अक्षर, सरळ, मोठं, लाइन मारल्यासारखं. वाफेच्या लाइनींवर असताना ते पाइपांवर खडूनं असंच लिहीत.

“या ताई. काय देऊ? अर्धा इंची की पाऊण?”

“काही नको. सांगायला आलेय.”

“मग भोंगा काढा की, इथवर चालत कशाला आलात?”

बाईंना एरवी हसू आलं असतं. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चषक, कार्ड, सोळा सेकंद. शेवटी म्हणाल्या, “आणि ते सरकत्या चित्रांचं मी निवडलं होतं, मिस्तरी. मी गेटवर येऊन बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मला माफ करा.”

हातातला खडू मिस्तरींनी डब्याच्या झाकणावर ठेवला.

“आठ महिने मी माझ्याशीच भांडतोय,” ते म्हणाले. “सूचना होती म्हणतात. मी तर मान वर करून बघतो रोज. मग दिसली कशी नाही? मला वाटलं, डोळे गेले. चष्मा बदलून घेतला. डॉक्टर म्हणाला, जुना ठीकच होता की. मग वाटलं, डोकं चालेनासं झालंय. घरी गॅस बंद केला की दोन-दोनदा जाऊन बघतो मी, ताई.”

“तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही.”

“आता तुम्ही म्हणताय म्हणून बरं वाटतंय. पण कागदावर कोण म्हणणार?”

“तेच करतेय,” बाई म्हणाल्या. “शुक्रवारी सकाळी.”

बुधवारी संध्याकाळी इंजिनीयरबाईंनी गेटच्या पडद्यावर यादीची मांडणी लावून दिली, तीन दिवसांच्या चाचणीपुरती. यादीतली पहिली ओळ तीच, फोन करा म्हणणारी. गुरुवारी सहा वाजून दोन मिनिटांनी पहिला फोन आला. मग दुसरा. मग बाईंना रिसीव्हर खाली ठेवायची सोय राहिली नाही.

“वाचलं.”

“वाचलं हो भोंगाताई. जेवलात का?”

“मी वाचलं, पण माझ्या जोडीदाराला वाचता येत नाही, तर त्याचंही माझ्याच नावावर धरा.”

“खोटं बोलतोय ताई, मला येतं वाचायला! वाचलं!”

एकोणीस वर्षांची सवय, बाईंचा हात आपोआप चालत होता. डाव्या हातात फोन, उजव्या हातानं वहीत रेघ. साहेब दहा वाजता आला, तेव्हा त्या एकशे बेचाळीसवर होत्या. तो त्यांच्यामागे उभा राहून रेघा बघत राहिला. मग त्यानं स्वतः वाजणारा फोन उचलला. “वाचलं? बरं. अं, नाही, मी भोंगाताई नाही. साहेब बोलतोय.” पलीकडच्यानं घाबरून फोन आपटला. साहेब हसला, आणि हसणं संपल्यावर म्हणाला, “ताई, उद्या सुरक्षा अधिकाऱ्यांना मी बोलावतो. तुम्ही बोलावलंत तर येणार नाहीत.”

शुक्रवारी पहाटे साहेबाबरोबर सुरक्षा अधिकारी गेटवर आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर पहाटे उठवल्याचा राग. बाईंनी वही पुढे केली.

“रेघांनी काय सिद्ध होतं?” ते म्हणाले. “कुणाला फोन करावासा वाटतो, कुणाला वाटत नाही. चौकशीत मी स्वतः पान पाहिलंय. सूचना होती.”

“होती, साहेब. आज पडद्यावर पुन्हा जुना पाळणा लावून घेतलाय. तिसऱ्या चित्रावर तुमच्यासाठी एक ओळ लिहिलीय. ती वाचा आणि मला सांगा. तुम्ही वाचलीत तर मी शब्द मागे घेते.”

ते पडद्यासमोर जाऊन हात मागे बांधून उभे राहिले. माणसांची रीघ त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. टुक. चषकाच्या जागी आता रक्तदानाचा फोटो, तोच, तोच. पाच मिनिटं गेली. मागून कुणीतरी म्हणालं, “साहेबांची हजेरी लागत नाही वाटतं.” अधिकाऱ्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एकदा रीघ थोडी तुटली, दुसरं चित्र आलं, ते एक पाऊल पुढे सरकले, आणि तेवढ्यात धापा टाकत एक पोट सुटलेला गृहस्थ आला आणि त्यानं कार्ड लावलं. टुक. परत रक्तदान. साहेब गालात हसला. बाई हसल्या नाहीत. त्या अधिकाऱ्यांच्या पाठीकडे बघत होत्या. ते आता पाठ ताठ ठेवून उभे नव्हते.

सहा वाजून पंचवीस मिनिटांनी गेट रिकामं झालं आणि तिसरं चित्र आलं. त्यावर लिहिलं होतं, ‘सात नंबरची लाइन सोमवारपासून चालू. झडप उघडू नये.’

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. पहिली पाळी सव्वासहाला कामाला लागते.

“मी ऑफिसात बसून बघितलं होतं,” ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही, पडद्याकडे बघतच. “मिनिटभरही लागलं नव्हतं.”

“मीही तिथंच बसून बघत होते,” बाई म्हणाल्या.

फॉर्म त्यांनी तिथंच, पहारेकऱ्याच्या स्टुलावर ठेवून भरला. ऑफिसासाठी एक मोठी बातमी आणि चार बारक्या, फोटोंसकट, मोठ्या साहेबांच्या आवडीची. तिथं लोक बसून निवांत बघतात, फोटोंनी काही बिघडत नाही. गेटसाठी यादी, आणि धोक्याची सूचना असेल तर तीच पहिली ओळ. ‘कारण’ या रकान्यातलं पेन्सिलीचं त्यांनी खोडलं आणि पेननं लिहिलं, ‘जुन्या मांडणीत पहिल्या पाळीला गेटवर तिसरी बातमी दिसत नव्हती. ती मांडणी मी निवडली आणि गेटवर जाऊन पाहिली नाही. त्यामुळे सात नंबरच्या लाइनीची सूचना लावली गेली, पण दिली गेली नाही.’

साहेबानं वाचलं. “थोडं मऊ करता येईल, ताई.”

“वाफ मऊ नव्हती,” बाई म्हणाल्या.

त्यानं सही केली. मग सुरक्षा अधिकाऱ्यांनी हात पुढे केला. त्यांच्या सहीची जागाच फॉर्मवर नव्हती, तर त्यांनी समासात केली, तारीख आणि वेळेसकट.

शेरा एका दिवसात निघाला नाही. फाइल दोन टेबलांवर अडली, एकदा हरवली, एकदा सापडली. बाई दर सोमवारी तिची चौकशी करायला जात, इतक्या नेमानं की तिथला कारकून त्यांना पाहताच “नाही ताई, अजून नाही” असं आधीच म्हणायला लागला. त्यांच्या स्वतःच्या फाइलीतही एक कागद लागला, ‘कामात निष्काळजी, समज दिली.’ यजमानांनी तो वाचून विचारलं, “वाईट वाटलं?” बाई म्हणाल्या, “खरं लिहिलंय.” आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

सातव्या आठवड्यात शेरा निघाला. मिस्तरी वाफेच्या लाइनींवर परत गेले.

त्या दिवशी बाई गेटवर होत्या. त्यांना तिथं कुणी बोलावलं नव्हतं, पण आठवड्यातून एकदा उभं राहून मोजायचं हे त्यांनी स्वतःलाच लावून घेतलं होतं. मिस्तरी आले, कार्ड लावलं, मान वर केली आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचली. “चार नंबरच्या गोदामात छताचं काम चालू, टोपी घालावी.” मग बाईंकडे वळले. “वाचलं, भोंगाताई.”

“तुम्ही वाचलंत. बाकीच्यांचं बघा.” बाईंनी वही त्यांच्यासमोर धरली. “पहिल्या आठवड्यात लोक चार सेकंद बघत होते. तिसऱ्यात तीन. आता दोन. काही जण तर मानच वर करत नाहीत. वर नेहमी धोक्याचंच काहीतरी असतं, हे त्यांना पाठ झालंय.”

“मग परत चित्रं लावा.”

“चेष्टा नका करू.”

मिस्तरींनी वहीतले आकडे एकदा वरून खाली, मग खालून वर वाचले. मागून माणसं येत होती, टुक, टुक, आणि बहुतेकांच्या माना खालीच होत्या.

“मी माणसाला बघायला लावलं,” बाई म्हणाल्या. “पण तुम्ही दहा वर्षं दर सोमवारी तीच सात नंबरची झडप बघत होतात ना, मिस्तरी? मग मला सांगा. एखादी गोष्ट रोज त्याच जागी दिसली, तर माणूस ती कितव्या दिवशी बघायची सोडतो?”